आवक आणि जावक

जनावरांच्या डॉक्टरांविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत एक चमत्कारिक अनास्था आहे. ‘आमचा मुलगा डॉक्टर झाला’ असें एखाद्या गृहस्थानें सांगितलें कीं ऐकणाराची मुद्रा उजळते; ‘जनावरांचा’ हा शब्द मागाहून आला कीं तीच मुद्रा किंचित् मावळते, आणि ‘तेंही एक कामच आहे म्हणा’ असें सांत्वन होऊन संभाषण पावसापाण्याकडे वळतें. त्यांतही प्रती आहेत. शर्यतीच्या घोड्यांचा डॉक्टर हा जवळजवळ साहेब. बंगल्यांतल्या कुत्र्यांचा डॉक्टर त्याच्या खालोखाल. दूधदुभत्याच्या गुरांचा डॉक्टर हा तालुक्याच्या गांवीं निदान उपयोगी मनुष्य तरी मानला जातो. सर्वांच्या शेवटीं येतो तो सार्वजनिक निवाऱ्यांतला डॉक्टर. त्याच्या रुग्णांना धनी नाहीं, म्हणून फी नाहीं. आणि फी नाहीं म्हणून, आपल्या हिशेबीं, प्रतिष्ठाही नाहीं.

अशाच एका डॉक्टरांचें काम गेलीं पांच वर्षें जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला आहे. आमच्या शहरांत नगरपालिकेची जागा आणि नागरिकांच्या देणग्या यांवर चालणारा एक प्राण्यांचा निवारा आहे. त्याच्या सल्लागार समितीवर कोणी तरी प्रोफेसर असावा अशी वहिवाट असल्यामुळें आमची नेमणूक झाली. इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या मनुष्यानें कुत्र्यामांजरांच्या इस्पितळाला काय सल्ला द्यावा, हा प्रश्न आमच्या घरांत पहिल्याच दिवशीं विचारला गेला, व त्याचें उत्तर अद्यापि निघालेलें नाहीं. निवाऱ्याच्या मुख्य डॉक्टर या एके काळीं आमच्याच कॉलेजांत विज्ञानशाखेला दोन वर्षें होत्या, आणि निबंध कसा लिहावा हें आम्हीं त्यांना शिकविलें होतें. त्यामुळें त्या घरीं आल्या कीं आम्ही त्यांना ‘तूं’ म्हणतों. निवाऱ्याच्या फाटकाच्या आंत पाऊल टाकलें कीं आपोआप ‘तुम्ही’ होतें. त्या मात्र दोन्हीकडे ‘सर’च म्हणतात.

निवाऱ्यांत प्रथम गेलों तेव्हां पिंजरे, औषधांचीं कपाटें किंवा शस्त्रक्रियेची खोली यांपेक्षां एका साध्या वस्तूनें आमचें लक्ष वेधलें. ती म्हणजे टेबलावरची आवक-जावकेची वही. कचेरींत टपालाची असते तशीच. डाव्या पानावर आवक: तारीख, जनावर, कोठें सांपडलें, कोणीं आणलें, धनी कोण, अंगावर खूण काय, दुखणें काय. उजव्या पानावर जावक: बरें होऊन कोठें गेलें, कोणाच्या घरीं गेलें, कीं मेलें. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘सर, येणारे पाहुणे डावें पान पाहून खूष होतात. किती जीव वाचविलेत, म्हणतात. पण जीव वाचला कीं नाहीं, तें उजव्या पानावर असतें.’

प्राण्यांवर दया करावी ही शिकवण आपल्याकडे नवी नाहीं. अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचें नमूद केलें आहे, आणि औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें त्या आणवून लावल्या असेंही त्यांत आहे. शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नांवावर गजवैद्यक चालत आलें आहे. मराठी घरांत तर भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आणि तान्हेल्या गाढवाला कावडींतलें गंगोदक पाजणारे एकनाथ लहानपणींच भेटतात. परंतु या कथांत एक साम्य आहे. नामदेवांच्या पुढें एकच कुत्रें आहे, आणि नाथांच्या पुढें एकच गाढव आहे. त्या वाळवंटांत चाळीस गाढवें तहानेनें पडलेलीं असतीं आणि कावड एकच असती तर काय करावें, हें संतांच्या चरित्रांत सांगितलेलें नाहीं. निवाऱ्याच्या डॉक्टराचा दिवस त्या प्रश्नापासून सुरू होतो.

एका जनावराची दया एकट्यादुकट्याला करतां येते. अनेकांची करावयाची तर संस्था लागते. मुंबईंत अशी संस्था निघाली ती एका दंग्याच्या पाठोपाठ. 1832 च्या जून महिन्यांत, मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पारशी धर्मांत कुत्र्याला पवित्र स्थान असल्यामुळें हा घाव वर्मीं लागला होता. इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले, कोटांतले व्यवहार बंद पडले आणि लष्कराला पाचारण करावें लागलें. दोनच वर्षांनीं, 1834 मध्यें, जमशेटजी जिजीभाई व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईस पांजरपोळ ही संस्था स्थापन केली. मारण्यापेक्षां पोसणें बरें, हें तिचें तत्त्व. पुढें 1874 सालीं प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईंत निघाली. तिच्या प्रयत्नानें 1880 नंतरच्या दशकांत दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीचें, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें, जनावरांचें इस्पितळ परळास उभें राहिलें. आणि त्याला लागूनच 1886 मध्यें मुंबईचें पशुवैद्यक कॉलेज सुरू झालें.

आमच्या समजुतीप्रमाणें हे दोन निराळे विचार आहेत. पांजरपोळ हा आसऱ्याचा विचार आहे: जो आला त्याला मरेपर्यंत ठेवावयाचें. इस्पितळ हा उपचाराचा विचार आहे: जो आला त्याला बरा करून परत पाठवावयाचें. पहिल्यांत वहीचें डावें पान मोठें, दुसऱ्यांत उजवें. आजच्या सार्वजनिक निवाऱ्याकडून लोकांची अपेक्षा दोन्हींची असते. जागा, पैसा व माणसें मात्र एकाला पुरतील इतकींही नसतात. या दोन विचारांतलें भांडण सभेंत क्वचितच होतें. तें रोज सकाळीं आठ वाजतां मुख्य डॉक्टरांच्या टेबलावर होतें.

घरीं बोलाविलेला डॉक्टर एका रोग्याचा विचार करतो. निवाऱ्याच्या डॉक्टराला रोग्याबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचा, शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांचा, आणि अजून फाटकावर न आलेल्यांचाही विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, पार्वो हा कुत्र्याच्या पिलांचा रोग घ्या. 1978 च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. ओकाऱ्या होतात, रक्ताचे जुलाब होतात, आणि लहान पिलूं दोन-चार दिवसांत आटोपतें. त्याचा विषाणु फरशीवर व मातींत महिनोन् महिने टिकतो. आपण घरोघरीं ज्या फिनाइलवर विश्वास टाकतों त्याला तो दाद देत नाहीं. आधीं घाण धुऊन काढावी, मग ब्लीचिंगचें पाणी दहा मिनिटें राहूं द्यावें, तेव्हां मरतो. म्हणजे एक आजारी पिलूं दयेनें आंत घ्यावें आणि नेहमींच्याच बादलीनें सगळ्या फरशा पुसाव्या, कीं निरोगी पिलांच्या मृत्यूची सोय झाली.

म्हणून या बाईंनीं सूत्रें हातीं घेतल्यावर पहिला हुकूम काढला तो औषधाविषयीं नव्हता, झाडूविषयीं होता. आधीं निरोगी पिलांचे पिंजरे, मग निरोगी मोठीं जनावरें, मग आजारी, आणि सर्वांच्या शेवटीं संसर्गाची खोली. हा क्रम उलटा करावयाचा नाहीं. प्रत्येक विभागाची बादली निराळी, झाडू निराळा, पायांतले गमबूट निराळे. नवें जनावर आलें कीं फाटकाजवळच तपासणी आणि तेथल्या तेथें लस. ‘उद्यां टोंचूं’ ही भाषा नाहीं. तीस वर्षें तेथें झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना हा क्रम समजावून सांगण्यांत बाईंनीं दोन आठवडे घालविले आणि स्वतः झाडू घेऊन त्यांच्या मागोमाग फिरल्या. नंतर एका पाहुण्यांनीं विचारलें, येथें डॉक्टर किती? बाईंनीं उत्तर दिलें, ‘दोन. पहिल्या मावशी, दुसरी मी.’

आतां ज्या प्रकरणानें आमच्या समितींत वादळ उठलें तें सांगावयास हवें. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत पिलांच्या विभागांत पार्वो शिरला. बाईंनीं त्याच दिवशीं तो विभाग बंद केला आणि फाटकावर पाटी लावली: पुढील सूचनेपर्यंत कुत्र्यांचीं पिलें आंत घेतलीं जाणार नाहींत. जखमी व मोठीं जनावरें चालू, पिलें बंद. तिसऱ्या दिवशीं आम्ही सहज तेथें गेलों असतां एक गृहस्थ मोटारीतून पुठ्ठ्याचें खोकें घेऊन उतरले. खोक्यांत चार पिलें होतीं. त्यांच्या इमारतीच्या वाहनतळांत कुत्री व्यालेली होती आणि ती मोटारीखालीं सांपडून मेली होती. गृहस्थ भले होते. भर पावसांत एवढ्या दूर आले होते. बाईंनीं पिलें छत्रीखालींच तपासलीं, जंतांचें औषध दिलें, लस टोंचली, काय खावयास घालावें तें लिहून दिलें. आणि खोकें त्यांच्याच हातांत परत ठेवलें.

‘मग निवारा काढला कशाला?’ गृहस्थ संतापून म्हणाले. ‘आम्ही कर भरतों.’

‘भरतां ना, म्हणूनच सांगतें,’ बाई म्हणाल्या. ‘हीं चार आज आंत घेतलीं तर आठवड्याभरांत यांची जावक लिहावी लागेल. तुमच्या न्हाणीघरांत तीन आठवडे राहिलीं तर जगतील. औषध मी पाठवितें, लसीचा दुसरा डोस घरीं येऊन टोंचतें. पण आंत घेणार नाहीं.’

ते खोकें घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीं एका स्थानिक वर्तमानपत्रांत ‘निर्दय निवारा’ या मथळ्याखालीं त्यांचें पत्र आलें, आणि आठवड्याच्या आंत आमच्या समितीची तांतडीची सभा बोलाविली गेली. पिलें जगलीं, एवढें आतांच सांगून ठेवतों. तक्रार मात्र त्या गृहस्थांनीं अजून परत घेतलेली नाहीं. सभेंत काय झालें तें पुढें येईल.

एकावर केलेली दया अनेकांच्या जिवावर उठते, हें आम्ही निव्वळ तर्क म्हणून म्हणत नाहीं. आमच्या डोळ्यांदेखत या देशांत तसें घडलें आहे. लंगड्या, म्हाताऱ्या गुरांच्या वेदना कमी व्हाव्या म्हणून 1990 नंतरच्या काळांत डायक्लोफेनॅक हें स्वस्त वेदनाशामक सर्रास टोंचलें जाऊं लागलें. गुराला आराम पडे. तें दोन-तीन दिवसांत मेलेंच तर त्याचें शव रानांत टाकलें जाई, आणि तें खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड बंद पडत. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटलीं. पाकिस्तानांत झालेल्या संशोधनावरून 2004 सालीं कारण उघडकीस आलें. 2006 मध्यें भारतांत जनावरांसाठीं त्या औषधाला बंदी झाली, आणि मेलॉक्सिकॅम हें निरुपद्रवी औषध त्याच्या जागीं आलें. 2023 सालीं त्याच कुळांतल्या आणखी दोन औषधांवर बंदी आली. या सगळ्या साखळींत दुष्ट असा मनुष्य एकही नव्हता. शेतकऱ्याला बैलाची कींव आली, डॉक्टरानें सुई टोंचली; दोघेही दयाळूच. उणीव होती ती कुंपणापलीकडे पाहणाऱ्या डोळ्याची. तो डोळा ठेवण्याबद्दल आपण निवाऱ्याच्या मुख्य डॉक्टरांना पगार देतों, आणि त्यांनीं तो उघडा ठेवला कीं त्यांनाच निर्दय म्हणतों.

जावकेच्या पानावर ‘मृत’ या शब्दाऐवजीं कधीं कधीं दुसरा शब्द असतो: ‘दयामरण’. त्याविषयीं मोकळेपणानें बोलणें आपल्या समाजांत कठीण आहे. 1928 सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. गांधीजींनीं डॉक्टरकरवीं सुई टोंचवून त्याच्या यातना संपविल्या, आणि हें कृत्य अहिंसेंतच बसतें असें आपल्या पत्रांतून उघडपणें प्रतिपादिलें. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्या वादांतले दोन्ही पक्ष अजून आमच्या समितींत समोरासमोर बसतात, आणि दोन्ही पक्ष मनापासून बोलतात. रस्त्यांवरील कुत्र्यांच्या बाबतींत ही गोष्ट कायद्यानें एकट्या डॉक्टराच्या मर्जीवर ठेवलेली नाहीं. असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच तशी मुभा आहे, आणि 2023 च्या नियमांप्रमाणें तो निर्णय स्थानिक समितीनें नेमलेल्या मंडळानें करावयाचा आहे. त्यापूर्वींच्या 2001 च्या नियमांत एक वाक्य असें होतें कीं, एका कुत्र्याला दुसऱ्याच्या देखत असें मरण देऊं नये. सरकारी नियमांत इतकें हळुवार वाक्य आमच्या वाचनांत दुसरें आलेलें नाहीं.

निर्णय मंडळाचा असला तरी सुई एकाच हातांत असते. एका उन्हाळ्यांत हातगाडीवर भाजी विकणारा एक मनुष्य, ट्रकखालीं आलेलें कुत्रें त्याच गाडीवर पोतें अंथरून घेऊन आला. कुत्र्याचा कणा मोडला होता. ‘ताई, याचें कांहीं होईल का?’ त्यानें विचारलें. बाई जमिनीवर बसल्या, बराच वेळ तपासून म्हणाल्या, ‘दादा, दुखणें थांबवितां येईल. पाय परत देतां येणार नाहींत.’ वेदना कमी करणारें इंजेक्शन दिलें, मंडळींतले दुसरे डॉक्टर येऊन पाहून गेले. तोंवर तो मनुष्य तेथेंच बसून होता. दिवसाची विक्री बुडाली होती. शेवटीं त्यानें कुत्र्याचें डोकें मांडीवर घेतलें आणि सर्व संपेपर्यंत सोडलें नाहीं. वहींत अशा जनावरांच्या पुढें ‘धनी’ या रकान्यांत रेघ मारण्याची पद्धत आहे. बाईंनीं त्या दिवशीं तेथें त्याचें नांव लिहिलें. नंतर हात धुऊन त्या पुढच्या पिंजऱ्याकडे गेल्या. त्या दिवशीं अजून सहा शस्त्रक्रिया व्हावयाच्या होत्या.

जावकेचा तिसरा प्रकार सर्वांत वादाचा आहे. तो म्हणजे रस्त्यावरचें कुत्रें धरून आणावें, त्याची संतति बंद करण्याची शस्त्रक्रिया करावी, लस टोंचावी, कानाच्या टोंकाला खूण करावी, आणि जेथून आणलें तेथेंच परत सोडावें. मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस या संस्थेनें 1960 नंतरच्या दशकापासून या पद्धतीचा पुरस्कार केला. 2001 च्या नियमांनीं तिला देशभर कायद्याचें स्वरूप आलें. तिच्या मागचा विचार असा कीं, रिकामा केलेला कोपरा फार दिवस रिकामा राहत नाहीं. उकिरडा जागच्या जागीं असला कीं शेजारच्या आळींतलीं नवीं, लस न टोंचलेलीं कुत्रीं तेथें येतात. उलट खूण केलेलें कुत्रें आपली हद्द राखतें, प्रजा वाढवीत नाहीं आणि रोगही पसरवीत नाहीं.

हा विचार आम्हांस पटतो. तथापि ज्या घरांतल्या मुलाला कुत्र्यानें फाडलें आहे त्या घरीं जाऊन तो ऐकविण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, आणि तें कोणाला असावें असेंही वाटत नाहीं. पिसाळ रोगानें जगांत दर वर्षीं सुमारें 59,000 माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसांतल्या या रोगाचे 99 टक्क्यांपर्यंत प्रकार कुत्र्यांपासून उद्भवतात. पाश्चरनें 1885 सालीं पहिल्या मुलाला लस टोंचली, त्याला एक शतक केव्हांच उलटून गेलें; आणि तरीही लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग आजही जवळजवळ निश्चित मृत्यूच आहे. कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेंच. 11 ऑगस्ट 2025 रोजीं दिल्लीच्या रस्त्यांवरचीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. 22 ऑगस्ट रोजीं मोठ्या पीठानें तो बदलून, पिसाळलेलीं व हिंस्र कुत्रीं वगळतां बाकीचीं शस्त्रक्रिया व लस यांनंतर परत सोडावीं असें ठरविलें. आणि 7 नोव्हेंबर रोजीं शाळा, इस्पितळें, स्थानकें अशा ठिकाणचीं कुत्रीं मात्र तेथें परत सोडूं नयेत असा आदेश दिला. पहिला आदेश ज्या दिवशीं छापून आला त्या दिवशीं बाईंनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, ‘सर, एका शहराचीं सगळीं कुत्रीं चार भिंतींच्या आंत आलीं तर पहिल्या पावसाळ्यांत तेथें झाडूचा क्रम कोण राखणार?’

या प्रश्नाला उत्तर नाहींच असें मात्र नाहीं. आपल्या शेजारीं गोव्यांत 2013 पासून पुढें कुत्र्यांच्या लसीकरणाची पद्धतशीर मोहीम झाली. घरोघर आणि गल्लोगल्लीं जाऊन, प्रत्येक कुत्र्याची नोंद करून, दर शंभरांतल्या सत्तरांपर्यंत लस पोंचविण्याचें ध्येय ठेवलें गेलें. कारण तितकीं सुरक्षित झालीं कीं रोगाची साखळी तुटते. तेथें माणसांचे या रोगानें होणारे मृत्यु शून्यावर आल्याचें 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय निबंधांत नमूद आहे. यासाठीं भिंती बांधाव्या लागल्या नाहींत. वही नीट ठेवावी लागली, आणि लोकांना आपल्या दारापुढचें कुत्रें धरूं द्यावें लागलें. आमच्या निवाऱ्यांत पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्यासाठीं एक निराळी खोली आहे. नियमाप्रमाणें त्याला तेथें आपोआप मरण येईपर्यंत अलग ठेवावयाचें असतें. बहुधा दहा दिवसांच्या आंत तें येतें. त्या खोलींत अन्नपाणी द्यावयास बाई स्वतः जातात. निवाऱ्यांतल्या सर्व माणसांनीं ती लस आधींच घेतलेली आहे, मावशींनीं सुद्धां. वर्षभरांत त्या खोलीला कुलूप किती दिवस राहिलें यावरून शहराचें आरोग्य त्या मोजतात.

आतां समितीची सभा. ठराव असा होता कीं, लोकांसाठीं उघडें असलेलें दार बंद करणाऱ्या डॉक्टरांच्या जागीं दुसरी योजना करावी. ठराव मांडणारे गृहस्थ वाईट नव्हते. दर वर्षीं हिवाळ्यांत जनावरांसाठीं ते स्वखर्चानें गोणपाट पाठवितात. त्याच सभेपुढें दुसराही एक विषय होता. आमच्यांतल्या एका उदार व्यापाऱ्यांनीं निवाऱ्याला संगमरवरी प्रवेशद्वार बांधून देण्याचें कबूल केलें होतें, आणि बाईंनीं त्या रकमेंत विलगीकरणाच्या खोल्या, त्यांचें निराळें गटार व दुसऱ्या डॉक्टरांचा वर्षाचा पगार मागितला होता. एकीकडे दार बांधावयाचें आणि दुसरीकडे दार बंद केल्याबद्दल डॉक्टरांना काढावयाचें, असे हे दोन ठराव एकाच कार्यक्रमपत्रिकेवर होते.

बाईंनीं भाषण केलें नाहीं. त्यांनीं वही आणली होती. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, मत देण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें गेल्या पावसाळ्याचें उजवें पान मोठ्यानें वाचावें. त्या पावसाळ्यांत दार उघडें होतें. या बाई तेव्हां बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि येईल तें पिलूं आंत घेतलें जात होतें. वाचन सुरू झालें. तारीख, पार्वो, मृत. तारीख, पार्वो, मृत. गोणपाट पाठविणारे गृहस्थ दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबले, त्यांनीं चष्मा पुसला, पाणी मागितलें आणि वही शेजाऱ्याकडे सरकविली. तिसरें पान वाचावें लागलें नाहीं. ठराव फेटाळला गेला नाहीं. तो ‘तूर्त मागें घेण्यांत आला’ अशी नोंद झाली. सार्वजनिक संस्थांत याहून मोठा विजय सहसा मिळत नाहीं.

प्रवेशद्वाराचा विषय निघाला तेव्हां व्यापारी कांहीं वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, ‘बाई, त्या विलगीकरणाच्या खोलीवर आमच्या मातोश्रींचें नांव लावतां येईल का?’

‘येईल,’ बाई म्हणाल्या. ‘पण उद्घाटनाला आंत कोणाला सोडणार नाहीं.’

खोल्या गेल्या वर्षीं बांधून झाल्या. दुसरे डॉक्टर अजून मिळालेले नाहींत. पगार कमी आहे, आणि एक तरुण पदवीधर मुलाखतीस येऊन गेला तो खासगी दवाखान्यांत रुजू झाला. त्याला आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या घरच्यांनींही ‘जनावरांचा’ या विशेषणापर्यंतच मोठ्या कष्टानें मजल मारली असावी, ‘सार्वजनिक’ हें त्यापुढचें पाऊल होतें. तोंवर बाई एकट्याच दोघांचें काम करतात. रात्रीं अपघाताचा निरोप आला तर जातात, सकाळीं आठ वाजतां झाडूचा क्रम पाहतात. परवां आमच्या घरीं आल्या असतां चहा थंड होईपर्यंत खुर्चींतच झोंपी गेल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यांना उठविलें नाहीं, आणि आम्हांलाही बोलूं दिलें नाहीं.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या शहरांत असा एखादा निवारा असेल. तेथें खोकें घेऊन जाण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो, आणि खोकें खालीं ठेवलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. परंतु त्या क्षणीं आपण फक्त डावें पान भरलेलें असतें. उजवें पान एकट्या डॉक्टरांनीं भरावें, तें कोरें राहिलें तर दोष त्यांचा आणि काळें झालें तरी दोष त्यांचाच, ही वाटणी न्यायाची नाहीं. त्यांतला एखादा रकाना आपण घेऊं शकतों: तीन आठवडे न्हाणीघर देणें, गल्लींतल्या कुत्र्याच्या लसीची तारीख लक्षांत ठेवणें, उकिरडा झांकून ठेवावयास लावणें, किंवा नुसतें फाटकावरून परत पाठविलें गेल्यावर वर्तमानपत्राला पत्र न लिहिणें.

येत्या रविवारीं सकाळीं सात वाजतां आमच्या आळींतल्या अकरा कुत्र्यांना लस टोंचावयाची आहे. वही आम्ही लिहिणार आहों. कुत्रीं धरावयाला चार माणसें लागतात. सध्यां दोनच ठरलीं आहेत.